गप्प बसणारा 'के'



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी मला 'इंग्रजी शब्दांची गंमत' हा विषय दिला. इंग्रजीत शब्द पुष्कळ आहेत. सगळ्यांवर लिहिले तर शाळेची भिंत पुरणार नाही. म्हणून मी फक्त के आणि एन या जोडीने सुरू होणारे शब्द घेतले आहेत. हीच जोडी का घेतली, ते लेख वाचल्यावर कळेल.

एक सूचना. मी इंग्रजी अक्षरे मुद्दाम मराठीत लिहिली आहेत. कारण हा कागद आमचे आईवडील आणि आजी-आजोबाही वाचतात. त्यांना वाचता यावे.

त्याचे असे झाले

आमची शनिवारी सकाळची शाळा असते. परिपाठ झाला की बाई शब्दांचा खेळ घेतात. फळ्यावर दोन अक्षरे लिहितात. वर्गात चार रांगा आहेत. प्रत्येक रांगेतून एकाने यायचे, त्या दोन अक्षरांनी सुरू होणारा शब्द फळ्यावर लिहायचा, मोठ्याने वाचायचा आणि अर्थ सांगायचा. लिहिले बरोबर तर एक गुण, वाचले बरोबर तर एक गुण, अर्थ बरोबर तर एक गुण. असे तीन गुण मिळतात.

त्या शनिवारी बाईंनी के-एन ही जोडी दिली. आमच्या रांगेतून एक मुलगी उठली. तिचे नाव मी लिहीत नाही. तिनेच लिहू नको म्हणून सांगितले आहे. ती माझ्या मागच्या पट्टीवर बसते. तिचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मागच्या साली तीही गेली होती. त्यामुळे तिसरीचे अर्धे वर्ष तिचे बुडाले. आम्ही शिकलो ते धडे ती शिकली नाही.

तिने फळ्यावर के-एन-ई-ई असे लिहिले. अक्षर अगदी मोत्यासारखे. मग स्वतःच्या गुडघ्याला हात लावून म्हणाली, "गुडघा." बरोबर! पण वाचताना ती म्हणाली, "क्नी."

मी हसलो. सगळ्यांत आधी मीच हसलो. मग सगळा वर्ग हसला. बाई रागावल्या तेव्हा आम्ही गप्प झालो, पण मधल्या सुट्टीत काही मुले तिच्या मागे "क्नी, क्नी" करत फिरली. मी फिरलो नाही, पण त्यांना अडवलेही नाही.

तिला तीनपैकी दोन गुण मिळाले. पण त्या दिवसापासून ती वर्गात बोलेना. हजेरीला "हजर" म्हणायच्या ऐवजी नुसता हात वर करायची. बाईंनी प्रश्न विचारला की खाली बघायची. कविता म्हणताना तिचे ओठ हलत, पण आवाज येत नसे. मागे बसते म्हणून मला कळायचे.

माझी चूक

सोमवारी शुद्धलेखन होते. बाईंनी शब्द सांगितला, "नाइफ." नाइफ म्हणजे चाकू. मी ऐटीत लिहिले, एन-आय-एफ-ई. बाईंनी त्याभोवती लाल गोल केला. पुढे के पाहिजे होता.

मला राग आला. मी म्हणालो, "बाई, के बोलायचाच नाही, तर लिहायचा कशाला? फुकटचा बसलाय."

मला वाटले आता छडी. पण बाई हसल्या आणि म्हणाल्या, "प्रश्न चांगला विचारलास. उद्या सगळ्यांसमोर उत्तर देते."

'के' का बोलत नाही

दुसऱ्या दिवशी बाईंनी आधी इंग्रजीचे काहीच विचारले नाही. त्या तालुक्याहून एसटीने येतात. त्या म्हणाल्या, "मी रोज एसटीतून कुठे उतरते?"

आम्ही ओरडलो, "वडाच्या थांब्यावर!"

"तिथे वड कुठे आहे?"

आम्ही एकमेकांकडे बघू लागलो. तिथे पत्र्याची शेड आहे, चहाची टपरी आहे, हातपंप आहे. वड नाहीच. एक मुलगा म्हणाला, "बाई, माझी आजी सांगते, ती नांदायला आली तवा व्हता. रस्ता रुंद केला, तवा तोडला."

बाई म्हणाल्या, "बरोबर. वड गेला, पण नाव राहिले. तसेच के बोलायचा थांबला, पण लिहायचा राहिला."

मग बाईंनी सगळे समजावून सांगितले. मला जेवढे समजले तेवढे लिहितो.

सुमारे हजार वर्षांपूर्वी इंग्लंडमधले लोक या शब्दांतला 'क' स्पष्ट बोलत असत. तेव्हा ते के ऐवजी सी लिहीत. गुडघ्याला ते 'क्नेओ' असे काहीतरी म्हणत. १०६६ साली फ्रान्सकडचे नॉर्मन लोक इंग्लंडचे राज्यकर्ते झाले. त्यानंतर लिहिण्याची पद्धत हळूहळू बदलली आणि सीच्या जागी के आला. पण 'क' बोलला जातच होता.

१४७६ साली विल्यम कॅक्स्टन याने इंग्लंडमध्ये पहिला छापखाना सुरू केला. पुस्तके छापली जाऊ लागली. छापलेला शब्द सगळ्यांनी बघितला, की तो तसाच लिहायची सवय लागते. म्हणून के पक्का बसला. पुढे सतराव्या शतकात लोकांच्या बोलण्यातला 'क' गळू लागला. बोलणे बदलले, पण छपाई बदलली नाही. १७५५ साली डॉक्टर जॉन्सन यांचा मोठा शब्दकोश निघाला. त्यातही के जागेवरच होता. तो आजपर्यंत आहे.

बाई म्हणाल्या, "शिवाजी महाराजांचा जन्म १६३० सालचा. त्यांच्या लहानपणी इंग्लंडात के बोलणारी माणसे होती. १६७४ साली महाराजांच्या राज्याभिषेकाला रायगडावर हेन्री ऑक्झेंडन नावाचा इंग्रज वकील आला होता. त्याच्या आजोबांच्या काळातली माणसे गुडघ्याला 'क्नी' असेच काहीसे म्हणत असणार."

वर्ग एकदम शांत झाला. सगळ्यांना तो शनिवार आठवला.

मग बाईंनी मोबाईल काढला. त्या म्हणाल्या, "ही झाली जुनी गोष्ट. आता आजची ऐका. जर्मन भाषा ही इंग्रजीची बहीण. जर्मनीत गुडघ्याला काय म्हणतात ते एका जर्मन बाईच्या तोंडून ऐका." त्यांनी बटण दाबले. मोबाईलमधून आवाज आला, "क्नी."

अगदी तिच्यासारखाच! बाईंनी तीनदा ऐकवला. जर्मन लोक गाठीला 'क्नोटन' म्हणतात आणि कणीक मळण्याला 'क्नेटन' म्हणतात. त्यांचा के अजून बोलतो.

बाई म्हणाल्या, "आज इंग्रजी बोलताना 'नी' म्हणायचे, हे खरेच. पण जो अक्षर बघून 'क्नी' म्हणतो, तो मूर्ख नाही. तो लिहिले आहे ते प्रामाणिकपणे वाचतो. हसण्यासारखे त्यात काही नाही."

कोणी हसले नाही. मी मागे वळून बघितले नाही. मला लाज वाटली.

आपल्याकडेही असे होते

बाईंनी आम्हाला मराठीतली उदाहरणे शोधायला सांगितली. एकाने सांगितले, पुस्तकात 'स्नान' लिहितात, पण घरी आपण 'न्हाणे' म्हणतो. अंघोळीच्या जागेला 'न्हाणी' म्हणतो. म्हणजे नच्या आधीचा स गळला. इंग्रजांचा क गळला, तसाच!

दुसरे उदाहरण 'ज्ञ' चे. हे अक्षर ज आणि ञ मिळून झाले आहे. पण मराठीत आपण 'द्न्य' म्हणतो. हिंदीत 'ग्य' म्हणतात. गुजरातीत 'ग्न' म्हणतात. आणि आमच्या गावची दिंडी निघते तेव्हा वारकरी 'ग्यानबा-तुकाराम' म्हणतात. त्यांना कोणी हसते का? उलट आपण हात जोडतो.

आता सगळ्यात मोठी गंमत सांगतो. इंग्रजीत के-एन-ओ-डब्ल्यू म्हणजे 'नो', अर्थ 'माहीत असणे'. आणि आपला शब्द 'ज्ञान'. आपलाच शब्द 'जाणणे'. हे तिन्ही शब्द फार जुन्या एकाच मुळापासून आले आहेत! तसेच इंग्रजी 'नी' आणि संस्कृत 'जानु'. जानु म्हणजे गुडघा. रामाला 'आजानुबाहू' म्हणतात, म्हणजे ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात असा. हे दोन्ही शब्दही एकाच मुळाचे.

१७८६ साली कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी एका भाषणात सांगितले होते, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच जुन्या भाषेतून आलेल्या असाव्यात. इंग्रजीही त्याच मोठ्या कुटुंबातली आहे. म्हणजे इंग्रजी ही आपली लांबची भावकी निघाली. मला आता तिची पूर्वीइतकी भीती वाटत नाही.

के-एन चे शब्द

आता खेळासाठी शब्द देतो. काही बाईंनी सांगितले, काही मी शाळेच्या शब्दकोशातून शोधले. वहीत उतरवून घ्यावेत.

१) के-एन-ई-ई. वाचायचे 'नी'. गुडघा.

२) के-एन-ई-ई-एल. वाचायचे 'नील'. गुडघे टेकणे.

३) के-एन-ओ-टी. वाचायचे 'नॉट'. गाठ. बैलाच्या दाव्याला मारतो ती.

४) के-एन-आय-टी. वाचायचे 'निट'. विणणे. स्वेटर विणतात तसे.

५) के-एन-ओ-डब्ल्यू. वाचायचे 'नो'. माहीत असणे. हाच शब्द भूतकाळात के-एन-ई-डब्ल्यू होतो, वाचायचे 'न्यू'.

६) के-एन-ओ-डब्ल्यू-एल-ई-डी-जी-ई. वाचायचे 'नॉलेज'. ज्ञान. हा सर्वांत लांब आहे. मी तो सात वेळा लिहून पाठ केला.

७) के-एन-आय-एफ-ई. वाचायचे 'नाइफ'. चाकू. अनेक चाकू असतील तर एफ जातो आणि व्ही येतो, के-एन-आय-व्ही-ई-एस, 'नाइव्हज'.

८) के-एन-ओ-सी-के. वाचायचे 'नॉक'. दार ठोठावणे. यात पहिला के गप्प आणि शेवटचा के बोलका.

९) के-एन-ई-ए-डी. वाचायचे 'नीड'. कणीक मळणे. माझी आई रोज करते, पण तिला हा शब्द माहीत नव्हता. आता माहीत आहे.

१०) के-एन-ओ-बी. वाचायचे 'नॉब'. दाराची गोल मूठ, रेडिओचे फिरवायचे बटण.

११) के-एन-यू-सी-के-एल-ई. वाचायचे 'नकल'. मूठ आवळली की वर येतो तो बोटाचा सांधा. त्यावर आपण महिने मोजतो. उंचवट्यावर आलेला महिना ३१ दिवसांचा.

१२) के-एन-ए-सी-के. वाचायचे 'नॅक'. हातोटी. भाकरी थापायची हातोटी असते, तशी.

१३) के-एन-ए-पी-एस-ए-सी-के. वाचायचे 'नॅपसॅक'. पाठीवर अडकवायची पिशवी.

१४) के-एन-ओ-एल-एल. वाचायचे 'नोल'. टेकाड.

१५) के-एन-आय-जी-एच-टी. वाचायचे 'नाइट'. जुन्या काळचा घोडेस्वार सरदार. बुद्धिबळातल्या घोड्यालाही इंग्रजीत हेच म्हणतात. फार पूर्वी या शब्दाचा अर्थ नुसता 'मुलगा' किंवा 'नोकर' असा होता. मुलगा मोठा होऊन सरदार झाला!

१६) के-एन-ए-व्ही-ई. वाचायचे 'नेव्ह'. लबाड माणूस. याचाही जुना अर्थ 'मुलगा'. हा मात्र बिघडला. पत्त्यांतल्या गुलामाला इंग्रजीत पूर्वी नेव्ह म्हणत.

या शेवटच्या दोघांची आणखी एक गोष्ट आहे. बुद्धिबळाचा डाव लिहिताना इंग्रजीत राजासाठी के लिहितात. मग घोड्याला काय लिहायचे? त्याचा के तर राजाने घेतला. म्हणून घोड्यासाठी एन लिहितात. पत्त्यांतही राजाचा के आणि नेव्हचा के-एन यांत घोटाळा होऊ लागला, म्हणून गुलामाला 'जॅक' हे नाव चालू झाले आणि पत्त्यावर जे आला.

मधल्या के-एन ची परीक्षा

शब्दाच्या सुरुवातीला के-एन आला तर के गप्प. हा नियम लक्षात ठेवा. पण मध्ये आला तर? तेव्हा शब्द फोडून बघायचा.

'डार्कनेस' म्हणजे अंधार. यात 'डार्क' संपतो आणि 'नेस' सुरू होतो. के पहिल्या घरचा आहे, म्हणून तो बोलतो. तसेच 'सिकनेस' म्हणजे आजारपण, 'वीकनेस' म्हणजे अशक्तपणा, 'बँकनोट' म्हणजे नोट. यांतला के बोलतो.

पण 'पेननाइफ' म्हणजे छोटा घडीचा चाकू, आणि 'अननोन' म्हणजे अनोळखी. यांत के दुसऱ्या घरचा आहे. तो तिथेही गप्पच बसतो.

पुठ्ठ्याचा खेळ

शहरात 'स्क्रॅबल' नावाचा खेळ मिळतो. अमेरिकेतल्या आल्फ्रेड बट्स या घरांचे नकाशे काढणाऱ्या माणसाने तो १९३० नंतरच्या मंदीत, काम नव्हते तेव्हा, तयार केला. कोणते अक्षर किती वेळा येते हे त्याने वर्तमानपत्रांतून मोजले आणि त्यावरून गुण ठरवले. १९४८ पासून तो 'स्क्रॅबल' या नावाने विकला जाऊ लागला. त्यात १०० तुकडे असतात. जे अक्षर पुष्कळ वेळा येते त्याला कमी गुण आणि क्वचित येते त्याला जास्त. ई ला १ गुण, एन ला १ गुण, आणि के ला ५ गुण. के चा तुकडा फक्त एकच असतो.

आमच्या शाळेत तो खेळ नाही. बाईंनी लग्नपत्रिका गोळा केल्या. त्यांच्या कोऱ्या बाजूवर अक्षरे काढून आम्ही १०० तुकडे कापले. जुन्या कॅलेंडरच्या मागे चौकोन आखले. आमचे स्क्रॅबल तयार झाले. दुप्पट-तिप्पट गुणांची घरे मात्र ठेवली नाहीत, कारण आमचा गोंधळ होतो.

यात मला एक गोष्ट कळली. के-एन-ई-ई या शब्दाला ८ गुण मिळतात. त्यातले ५ एकट्या के चे! तोंडाने एक अक्षर बोलत नाही, पण निम्म्याहून जास्त गुण तोच मिळवून देतो. मी त्याला फुकटचा म्हणालो होतो.

आणखी एक युक्ती सांगतो. दुसऱ्याने लावलेल्या शब्दापुढे के ठेवून नवा शब्द होतो का ते बघा. एन-ओ-टी म्हणजे 'नाही', त्याचे ३ गुण. पुढे के ठेवला की 'गाठ' होते आणि ८ गुण मिळतात. एन-आय-टी म्हणजे उवेचे अंडे, लीख. पुढे के ठेवला की 'विणणे'. एन-ई-डब्ल्यू म्हणजे 'नवीन', के ठेवला की 'माहीत होते'. एन-ओ-डब्ल्यू म्हणजे 'नाउ', अर्थ 'आता'. के ठेवला की उच्चारही बदलतो आणि 'नो' होतो, 'माहीत असणे'. एका तुकड्यात सगळा शब्द आपला!

एक सावधगिरी. 'नॉक' आणि 'नॅक' या शब्दांत के दोनदा येतो आणि तुकडा एकच. त्यासाठी कोरा तुकडा लागतो. कोरे तुकडे दोन असतात आणि त्यांना गुण नसतात.

मागच्या शनिवारी काय झाले

मागच्या शनिवारी आमच्या रांगेचा आणि खिडकीकडच्या रांगेचा शेवटचा डाव होता. त्यांचे ५७ गुण आणि आमचे ४६. आमच्याकडे तीनच तुकडे उरले होते, के, व्ही आणि यू. मी म्हणालो, "आता हरलो." व्ही आणि यू चा काही शब्द होईना.

ती माझ्या मागे बसली होती. इतके दिवस ती खेळात नुसती बघत असे. तिने हात पुढे केला, के चा तुकडा उचलला आणि खिडकीवाल्यांच्या एन-आय-जी-एच-टी या शब्दापुढे ठेवला. काही बोलली नाही.

खिडकीवाले ओरडले, "ए, हे चालत न्हाई! हा नाइटच आहे. आमचाच शब्द! रात्र!"

ऐकायला दोन्ही सारखेच, हे खरे. बाई गप्प उभ्या होत्या. त्यांना उत्तर येत होते, पण त्या बोलल्या नाहीत. मलाही उत्तर येत होते. मी तोंड उघडणार होतो, पण बाईंनी मला डोळ्यांनी थांबवले.

मग ती बोलली. अगदी हळू बोलली, पण सगळ्यांना ऐकू आले.

"रात्र न्हाई. घोडा."

खिडकीवाले गप्पच झाले. बाईंनी फळ्यावर बेरीज केली. के ५, एन १, आय १, जी २, एच ४, टी १. एकूण १४ गुण. ४६ आणि १४ मिळून ६०. आम्ही ३ गुणांनी जिंकलो.

सोमवारी हजेरीला बाईंनी तिचे नाव घेतले, तेव्हा ती "हजर बाई" म्हणाली. आवाज जरा बारीक होता. मी मोजले, सोळा दिवसांनी बोलली.

शेवटी थोडेसे

मी तिला अजून "चुकलो" असे म्हणालो नाही. समोर गेलो की तोंडातून शब्द येत नाही. माझाही के होतो. म्हणून इथे भिंतीवर लिहितो. त्या दिवशी आधी मी हसलो होतो. मी चुकलो.

दिवाळी आता जवळ आली. या पट्टीवरची तीन-चार मुले ऊसतोडीला जातील. ती पण जाणार की आजीपाशी राहणार, हे तिच्या घरी अजून ठरले नाही. तिची आजी म्हणते, "मला दिसत न्हाई नीट, पोरीचं कोण बघंल?" बाई म्हणतात, ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी काही गावांत हंगामी वसतिगृहे असतात, तिथे मुलांची जेवणाखाणाची सोय होते आणि शाळा बुडत नाही. आपल्या गावातही तशी सोय व्हावी म्हणून आजच्या पालकसभेत बाई बोलणार आहेत. मोठ्या माणसांच्या सभेत मला बोलता येत नाही. पण सभेला जाताना याच भिंतीजवळून जायचे आहे. म्हणून पालकांना माझी विनंती आहे, बाई बोलतील तेव्हा ऐकून घ्यावे. आमच्या रांगेत तिची जागा रिकामी राहिली, तर शनिवारी आम्हाला चुकल्यासारखे वाटेल.

आणि तिला जावेच लागले, तर तिच्यासाठी मी या लेखातले सोळा शब्द एका चाळीस पानी वहीत लिहिले आहेत. पुढची पाने कोरी ठेवली आहेत. फडावर जे नवे शब्द दिसतील, ट्रॅक्टरवर, खताच्या पोत्यावर, कारखान्याच्या पाटीवर, ते तिने त्यात लिहून आणावेत. परत आली की शनिवारी खेळात तेच घेऊ.

वर्गमित्रांनो, तुम्हाला के-एन चा आणखी शब्द सापडला, तर चिठ्ठीवर लिहून भित्तिपत्रकाखालच्या डब्यात टाका. शब्द, उच्चार आणि अर्थ तिन्ही लिहा. पुढील महिन्यात डब्ल्यू-आर ची जोडी घेऊ. त्यात डब्ल्यू गप्प बसतो. 'राइट' म्हणजे लिहिणे, 'रिस्ट' म्हणजे मनगट. बाकीचे तुम्ही शोधा.

आणि कोणी तो डब्ल्यू मोठ्याने वाचला, तर हसू नका. आधी बाईंना विचारा.

एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी